उतारावर दुसरा गिअर

धंतोली, नागपूर
२० नोव्हेंबर १९७७

कृष्णकांत,

दिवाळीचा फराळ पोचला का, एवढं तरी कळव. चकल्या मोडल्या असतील तर पोस्टाला बोल लाव, मला नको. तुझी कार्डं येतात, त्यांवर ‘मी ठीक, काळजी नसावी’ यापलीकडे शब्द नसतो. राउरकेल्याला शाई मिळत नाही का बाप्पा?

आता मीच तुला काहीतरी सांगते. तुझी आई मोटार शिकून राहिली आहे. हस हवं तर. मी नऊवारी सोडून पाचवारीत आले तेव्हा यमुताईंनी आठ दिवस अबोला धरला होता. आज असत्या तर त्यांनी काय धरलं असतं देव जाणे.

गाडी तीच. तुला वाटलं असेल विकली. विकली नाही. पुढचा सगळा पत्रा नवा बसवून घेतला, हिरव्याची पांढरी केली, आणि तुझे बाबा तिच्यातूनच काटोलच्या कोर्टात जात राहिले. मी मात्र तिच्यात पाय ठेवला नव्हता. ज्या गाडीत यमुताईंचा जीव गेला तिच्यात बसून मी सीताबर्डीला भाजी आणायला जाऊ का? मला सायकलरिक्षा बरी होती.

मग आता काहून बसलीस, असं विचारशील. ह्यांचे डोळे चालले आहेत. उन्हाळ्यात दूधवाल्याच्या सायकलला धक्का दिला, त्याच्या किटलीतलं दूध सगळं रस्त्यावर. नंतर आपल्या फाटकाचा डावा खांब घासला. मी विचारलं तर म्हणतात, खांब पुढे आलेला आहे. वकील माणूस, खांबालाही आरोपी करतील. शेवटी मी रिक्षात घालून डॉक्टरकडे नेलं. काचबिंदू निघाला. दोन्ही बाजूंचं दिसणं गेलं आहे. समोरचं नळीतून पाहावं तसं उरलं आहे, तेही जाणार. थेंब घालायचे म्हणजे थोडं लांबेल. गेलेलं परत येत नाही म्हणे.

घरी आल्यावर ह्यांनी कोट काढला, खिशातली किल्ली काढून माझ्यापुढे धरली. मी ती कपाटात ठेवायला निघाले तर म्हणाले, “ठेवायला नाही दिली. शिकायला दिली.”

कृष्णकांत, तू चिडशील, पण हे लिहायलाच मी आज बसले आहे. स्मशानातून आल्यावर अंगणात त्यांनी तुला जे म्हटलं ते मी दारात उभी राहून ऐकलं होतं. “माझी बहीण मारलीस तू. माझ्यासमोर येऊ नकोस.” तू ट्रंक उचललीस आणि गेलास. तुझ्या बाबांची आई गेली तेव्हा त्यांना यमुताईंनीच वाढवलं, तुलाही माझ्यापेक्षा जास्त त्यांनीच खेळवलं. दोघांचंही माणूस गेलं होतं, आणि दोघांनी मिळून रडायचं सोडून हे असं झालं. चिखलदऱ्याच्या त्या सहलीला मी नव्हते, माझ्या आईच्या आजारपणात अडकले होते. घाट उतरताना तू गाडी बेफाम सोडलीस, एवढंच मला सांगण्यात आलं. तू त्यावर हो म्हटलं नाहीस, नाहीही म्हटलं नाहीस.

तुला पाहायचं आहे असं ते कधी म्हणणार नाहीत. पण दिवाणखान्यातला तुझा पदवीचा फोटो त्यांनी खाली उतरवून टेबलाच्या उंचीवर लावून घेतला. म्हणाले, वरचं नीट दिसत नाही. वर गणपतीही आहे, तो नाही उतरवला.

डोळे आहेत तोवर येऊन जा रे.

तुझी आई


धंतोली, नागपूर
८ जानेवारी १९७८

कृष्णकांत,

तुझं कार्ड आलं. ‘रजा मिळणे कठीण.’ बरं.

माझं शिक्षण कस्तुरचंद पार्कच्या मैदानात चालू आहे. मास्तर तुझे बाबाच. तुला शिकवताना ते कसे होते तू जाण, मला तर उलटतपासणीला उभं केल्यासारखं करतात. “क्लचवर पाय कशासाठी ठेवला आहे? आरामाला?” “आरशात काय दिसतं? आरसा आहे हे सांगू नका, त्यात काय दिसतं ते सांगा.” रागावले की मला अहोजाहो करतात.

त्यांची मतं तुला ठाऊक आहेतच, तरी लिहिते. गाडी चालवणं म्हणजे पुढे आपण काय करणार हे दुसऱ्याला आधी सांगणं. म्हणून वळायच्या बऱ्याच आधी हात बाहेर काढायचा. हॉर्न गायीसाठी वाजवायचा नाही, ती ऐकत नाही. म्हाताऱ्या माणसासाठी वाजवायचा नाही, तो घाबरून मागे फिरतो. मी म्हटलं, मग कोणासाठी वाजवायचा, लग्नात? त्यावर आमचं असं भांडण पेटलं की मी गाडी मैदानाच्या मधोमध बंद केली, किल्ली त्यांच्या मांडीवर टाकली आणि चालत निघाले. सदरपर्यंत गेले, एका दुकानात पाणी प्याले. वाटलं, हे आता गाडी घेऊन माझ्या आधी घरी पोचतील आणि ऐटीत दारात उभे राहतील. नेहमीचंच आहे ते.

राग उतरल्यावर म्हटलं, बघावं तरी. परत आले तर गाडी तिथेच. हे तसेच डाव्या बाजूला बसलेले, किल्ली मांडीवर. ऊन तोंडावर आलं होतं तरी जागचे हलले नव्हते. माझी चाहूल लागली तेव्हा म्हणाले, “आलीस का?” आणि किल्ली पुढे केली. मी मुकाट्याने गाडी सुरू केली. त्या दिवशी क्लचवर पाय होता माझा सगळा वेळ, पण त्यांनी काही म्हटलं नाही.

मी ठरवलं आहे की नवऱ्याकडून शिकायचं नाही. सीताबर्डीच्या एका मोटार शाळेतले नत्थूजी सोमवारपासून येतील. म्हातारे आहेत, जबलपूर रोडवर ट्रक चालवत होते. हे म्हणाले, “येऊ दे. मी मागे नुसता बसेन.” नुसते बसणारे हे कधी पाहिलेस तू?

आता भोगी येईल. यमुताई तुझ्यासाठी तिळाची भाकरी वेगळी काढून ठेवायच्या, जळकी नको म्हणून. मी यंदाही काढीन. खायला कोणी नाही तर गाईला देईन.

तुझी आई


धंतोली, नागपूर
२६ फेब्रुवारी १९७८

कृष्णकांत,

हे पत्र तू एकटा असताना वाच.

नत्थूजींचं आणि माझं चांगलं जमलं. पहिल्याच दिवशी म्हणाले, “बाई, तुमी भेऊन काहून राहिल्या? गाडी काही चावत नाही.” मागे हे छत्री घेऊन बसलेले. पुढच्या दोन आठवड्यांत त्या दोघांचं एका गोष्टीवर एकमत झालं असेल तर शपथ. नत्थूजी म्हणायचे, वळणावर हॉर्न लंबा मारा. हे म्हणायचे, दोनदा छोटा मारा. नत्थूजी म्हणायचे, अंधारात समोरच्याने दिवा कमी केला तर आपण करावा. हे म्हणायचे, त्याने नाही केला तरी आपण करावा, दोन आंधळ्यांपेक्षा एक बरा.

काल मला सेमिनरी हिलवर नेलं, चढ-उताराला. चढ मी व्यवस्थित चढले, एकदाच बंद पडली. माथ्यावर नत्थूजी म्हणाले, “आता पाहा बाई, येथून खालपर्यंत गाडी आपल्या मनानं जाते. न्यूट्रल मारा न् किल्ली बंद करा. पेट्रोल वाचते.”

मला यात नवीन काही नव्हतं. पेट्रोल महाग झालं तेव्हापासून तुझे बाबा हेच करत होते. उतार दिसला की गिअर काढायचे, किल्ली फिरवायचे, आणि आवाज बंद झाला की आमच्याकडे असं पाहायचे की जणू पेट्रोलवाल्यावर खटला जिंकला. तुलाही जेवताना तेच शिकवलं होतं, “पेट्रोल नळाला येत नाही” म्हणून. यमुताई वरण वाढत होत्या, मला आठवतं. म्हणून माथ्यावर माझा हात आपोआप किल्लीकडे गेला.

मागून हे म्हणाले, “नाही.”

तो आवाज मी पूर्वी ऐकला नव्हता. माझा खांदा त्यांनी इतका घट्ट धरला की आज वळ आहे. “गिअरमधून काढायची नाही. दुसऱ्यात टाक. दुसऱ्यात टाक आधी.”

नत्थूजी हसले. “साहेब, सारेच मारतात न्यूट्रल.”

“सारे मारतात म्हणूनच सांगून राहिलो. इंजिन बंद केलं की गाडीला धरून ठेवणारं काही उरत नाही. सगळा भार ब्रेकवर. ब्रेक तापतात आणि मग लागत नाहीत. मग गिअर टाकायला जावं तर पडत नाही.” हे सगळं त्यांनी एका दमात म्हटलं. वाचून कळलेल्या गोष्टी माणूस अशा सांगत नाही.

मी दुसऱ्या गिअरमध्ये खाली आले. इंजिन कण्हत होतं, गाडी हळूहळू उतरली. खाली पोचल्याबरोबर हे उतरले आणि एका कडुलिंबापाशी आमच्याकडे पाठ करून उभे राहिले. नत्थूजींनी मला हळूच विचारलं, “साहेबाचं कोणी गेलं का हो उतारावर?”

मी म्हटलं, “हो. बहीण.”

आणि ते म्हणताना माझं लक्ष गिअरकडे गेलं.

कृष्णकांत, त्या दिवशी घाटात गाडी गिअरमध्ये होती का? तुझी शपथ आहे तुला. खरं लिही. मी तुझ्या बाबांना विचारू शकले असते, रात्रभर ओठांवर आलं होतं. पण तुझ्याकडून ऐकायचं आहे मला.

आई


धंतोली, नागपूर
१७ एप्रिल १९७८

कृष्णकांत,

मला लायसन्स मिळालं. गाडीने आठचा आकडा काढायला लावला, मागे घ्यायला लावली, सगळं केलं. इन्स्पेक्टर म्हणाला, माताजी, हात दाखवायला तुम्ही कोणाकडून शिकलात, आजकाल कोणी इतका हात दाखवत नाही. मी ह्यांच्याकडे बोट दाखवलं. ह्यांना ते दिसलं नाही.

तुझं कार्ड मी पुन्हापुन्हा वाचलं. ‘आई, जुने उकरू नये. लायसन्स मिळाल्यावर जपून चालव. उतारावर दुसरा गिअर ठेव.’

मी उत्तर मागितलं होतं, तू सल्ला दिलास. पण शेवटची ओळ मी त्यांना वाचून दाखवली. त्यांनी कार्ड मागून घेतलं, डोळ्याला लावून, खिडकीकडे तोंड करून ती एक ओळ शोधत राहिले. मी म्हटलं, वाचली ना मी. तरी शोधत होते. आता ते कार्ड त्यांच्या काळ्या कोटाच्या आतल्या खिशात आहे. कोर्टात जाणं बंद झालं आहे, कोट मात्र रोज झटकतात.

तू सांगणार नाहीस आणि ते सांगणार नाहीत. दोघं एका मातीचे. मला मात्र फार राग आला आहे, दोघांचाही, आणि तो कोणावर काढावा हे कळत नाही म्हणून मी गाडी धुते.

आई


धंतोली, नागपूर
२९ ऑक्टोबर १९७८

कृष्णकांत,

आम्ही चिखलदऱ्याला जाऊन आलो. गाडी मी नेली.

दसरा झाला आणि हे म्हणाले, “एकदा तिथे ने. दिसतं आहे तोवर.” डावा डोळा पूर्ण गेला आहे आता, उजव्यात थोडा उजेड आहे. मी का म्हणून विचारलं नाही. परतवाड्याला माझी मावसबहीण सिंधूताई असते, तिच्याकडे मुक्काम केला. तिने मला स्टिअरिंगवर पाहिलं आणि हातातली आरती तशीच धरून उभी राहिली, ओवाळायचं विसरली. सकाळी घाट चढलो. वर जाऊन ह्यांनी काही पाहिलं नाही, गाडीतच बसून राहिले. म्हणाले, “चल आता खाली.”

मी दुसरा टाकला. मधे एका वळणाच्या अलीकडे म्हणाले, “थांबव.” मी कडेला घेतली, चाकामागे दगड लावला. त्यांना दिसत नव्हतं, पण जागा बरोबर ओळखली. पोटात कळलं असेल उतारावरून.

ते म्हणाले, “इथे मी त्याला म्हटलं, न्यूट्रल मार.”

मी किल्ली काढून हातात घेतली.

“तो नाही म्हणाला. म्हणाला, बाबा, इथे नको, इथला उतार फार आहे. मी पुन्हा म्हटलं. तो पुन्हा नाही म्हणाला. मग मी म्हटलं, गाडी कोणाची आहे?” पुढे म्हणाले, “मागून ताई म्हणाली, ऐक रे राजा, बापाचं ऐकावं. मग त्याने किल्ली फिरवली.”

पुढचं तुला माहीतच आहे. त्यांनी मला सगळं सांगितलं. ब्रेक कसे गेले, तू गिअर टाकायला कसा झगडलास, डावीकडे दरी होती म्हणून तू गाडी उजवीकडे डोंगरावर घातलीस. “म्हणून मी आहे,” असं म्हणाले. “तो आहे, मी आहे. ताईचं डोकं समोरच्या सीटच्या दांडीवर आपटलं.”

मी विचारलं, “मग अंगणात त्याला तसं का बोललात?”

मग म्हणाले, “कोणाला तरी बोलल्याशिवाय मला घरात पाय टाकता येईना. तो समोर होता.”

कृष्णकांत, खोटं कशाला लिहू, मला वाटलं ह्यांना तिथेच उतरवावं आणि निघून जावं. किल्ली माझ्या हातात होती. चार दिवाळ्या माझा मुलगा घरात नाही. लोकांनी विचारलं तर मी म्हणत आले, त्याच्या हातून झालं हो, पोरवय. आईने म्हटलं हे. मी त्यांना तोंडाला येईल ते बोलले. घाटात माणूस नव्हतं, बरं झालं. त्यांनी सगळं ऐकून घेतलं. एकदाही वकिली केली नाही.

मग मी दगड काढला आणि खाली उतरवली. दुसऱ्या गिअरमध्ये, सगळी वळणं. हे शेजारी बसून मोठ्याने रडत होते. मी त्यांना असं रडताना पाहिलं नव्हतं, यमुताई गेल्या तेव्हाही नाही. माझ्याही डोळ्यांत पाणी होतं, पण मला रस्ता पाहायचा होता.

तू मला का सांगितलं नाहीस ते खाली पोचेपर्यंत मला समजलं. सांगितलं असतंस तर यमुताईंचं ते शेवटचं वाक्यही सांगावं लागलं असतं. बापाला सोडवायला तू गप्प राहिला नाहीस. यमुताईंचं नाव त्यात येऊ नये म्हणून राहिलास. त्यांचा लाडका होतास ना.

मला आता तुझ्याकडून काही उत्तर नको. तू ये फक्त.

आई


धंतोली, नागपूर
१० डिसेंबर १९७८

राजा,

तुझं पत्र आलं. कार्ड नाही, पत्र. पाकिटाची जाडी पाहून मी खोलीचं दार लावून घेतलं. मी आधी एकटीने वाचलं, मग त्यांना वाचून दाखवलं. तुझ्या अक्षरात ‘आत्या’ हा शब्द आला तिथे मला थांबावं लागलं, तेव्हा हे म्हणाले, सावकाश वाच, घाई नाही.

तू येतोस हे खूप झालं. पण उशीर झाला रे थोडा. दिवाळीनंतर उजवाही गेला. सकाळ झाली हे त्यांना आता कपबशीच्या आवाजावरून कळतं. तू समोर उभा राहशील तर त्यांना कळणार नाही, म्हणून तू आधी बोल. काल विचारत होते, त्याचा आवाज तोच असेल का. मी म्हटलं, तोच असेल, तुमच्यासारखा खणखणीत. फोटो अजून टेबलाच्या उंचीवरच आहे. वर लावू का म्हटलं तर नको म्हणाले. येता-जाता काचेवर हात ठेवतात.

तू लिहिलं आहेस, ‘स्टेशनवर गाडी आणू नये, मी रिक्षाने येईन. चार वर्षे मी कुठल्याच गाडीला हात लावलेला नाही, आता लावणारही नाही.’ हेही मी त्यांना वाचून दाखवलं. लपवायचं होतं, पण आता या घरात लपवणं पुरे झालं. ते ऐकून ते उठले, चाचपडत अंगणात गेले आणि गाडीच्या बॉनेटवर हात ठेवून उभे राहिले. मी जाऊ दिलं.

आज सकाळी त्यांनी मला सांगितलं ते त्यांच्याच शब्दांत लिहिते, कारण लिही म्हणून मागे लागले आहेत आणि लिहिते आहे की नाही हे ऐकायला शेजारी बसले आहेत. रविवारी सकाळी आम्ही दोघं स्टेशनवर येतो आहोत. गाडी मी आणीन. ते मागे बसतील, यमुताईंच्या जागेवर. परत येताना किल्ली तुला द्यायची असं त्यांचं म्हणणं आहे. तू नाही म्हणालास तर मी चालवीन, मला काही कठीण नाही, उड्डाणपुलाचा उतारही मला चांगला येतो. मी त्यांना म्हटलं, नसेल त्याच्या मनात तर कशाला पोराला भरीला घालता, एकदा घातलंत ते पुरे नाही का?

त्यावर म्हणाले, “भरीला नाही घालत. एवढंच लिही. त्याला म्हणावं, तुला वाटेल तर चालव, वाटेल तशी चालव. मी मधे बोलणार नाही.”

तुझी आई